हॉलमध्ये सहा कॅमेरे: घरात व्हीआर हेडसेट आल्यावर आम्ही काय काय केलं

क्वेस्ट ३ म्हणजे मेटा या फेसबुकवाल्या कंपनीचा व्हीआर हेडसेट, डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळायचा. त्याला बाहेर बघणारे सहा कॅमेरे असतात. दोन रंगीत, ज्यांच्यामुळे हेडसेट डोळ्यावर असतानाही समोरची खोली दिसते, आणि चार काळेपांढरे, जे तुम्ही खोलीत कुठे उभे आहात, हात कुठे आहेत, मान कुठे वळली हे सतत शोधत राहतात. वर आणखी एक अंतर मोजणारा सेन्सर. आत डोळ्यांकडे बघणारा कॅमेरा मात्र याच्यात नाही, तो क्वेस्ट प्रोमध्ये होता. ही सगळी माहिती नवऱ्याने मला घ्यायच्या आधीच दिली होती, मी तेव्हा मेथी निवडत होते आणि हं हं करत होते. धाकटा दीर डॅलसला असतो, तो येताना घेऊन आला. मी हो म्हणाले ते व्यायामासाठी, कारण जिमची वर्षाची फी भरायची आणि जायचं नाही हा आमच्याकडचा जुना छंद आहे.

आता अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये हे लोक हेडसेट घालून बेसमेंटमध्ये नाहीतर वेगळ्या गेम रूममध्ये खेळतात. आमचा नाशिकचा टू बीएचके. हात पसरायला जागा एकच, हॉल. त्याच हॉलमध्ये सासूबाईंची कॉट आहे, देवघर आहे, इस्त्रीचे कपडे आहेत, सकाळी मंदामावशी केर काढतात, संध्याकाळी कुणी ना कुणी टपकतंच, आणि महिन्यातून एकदा भिशी. म्हणजे जो हेडसेट घालतो त्याने निदान कुठेतरी 'अग्री' दाबलेलं असतं, पण बाकीच्या लोकांनी कुठे काय दाबलंय? हा प्रश्न मला सुचलेला नाही, सासूबाईंना सुचला. नातू हेडसेट घालून त्यांच्या दिशेने वळला तेव्हा त्यांनी आधी पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "अगं, हा याच्यातून बघतो ते ठीक आहे, पण याच्या मागून अजून कोण बघतंय का ते बघ आधी."

मी म्हणाले, "नाही हो आई, तसं काही नसतं." आणि मग म्हटलं, नसतं हे मला कुठे माहितीये.

त्यांचा पहिला उपाय होता टिकली. माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला लॉकडाऊनपासून त्यांचीच मरून टिकली लावलेली आहे, तर यालाही लावा की. लावून बघितली, खरंच बघितली. पुढचे कॅमेरे झाकले तर हेडसेट आंधळा होतो आणि ट्रॅकिंग गेलं म्हणून मेसेज देतो, खोलीत अंधार केला तरी तेच. कारण हे मशीन खोलीतल्या कडा, कोपरे, पडद्याची डिझाइन, टीव्हीची चौकट असे ठिपके पकडतं आणि त्यांच्यावरून मी किती सरकले ते काढतं. कॅमेरे नाहीत तर खेळच नाही. पूर्वी असं नव्हतं, २०१६ च्या एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटला भिंतीवर दोन डबे लावायला लागायचे, ते लेसर सोडायचे आणि हेडसेटवरचे सेन्सर तो लेसर पकडून जागा ठरवायचे. त्या डब्यांना काहीच दिसत नव्हतं. (त्या हेडसेटलाही पुढे एक कॅमेरा होता, पण ट्रॅकिंगसाठी तो लागत नव्हता.) मग वायर नको, डबे नको, कुठेही घालून खेळता आलं पाहिजे म्हणून २०१९ च्या पहिल्या क्वेस्टपासून कॅमेरे डोक्यावरच आले. सोय झाली ती अशी.

तर टिकली फक्त ठेवून देताना. शेवटी आईंनी जुन्या खणाच्या ब्लाउजपीसची नाडीची पिशवी शिवली, खेळून झालं की पॉवर बटण दाबून धरून पूर्ण बंद करायचा, नुसता झोपवायचा नाही, आणि पिशवीत. कंट्रोलर पण आत. हा नियम सगळ्यात आधी झाला आणि एकटा हाच आजवर कुणी मोडलेला नाही, कारण पिशवी त्यांच्या कॉटच्या उशाशी असते.

मग मागून कोण बघतंय का, हे बघायचं होतं. कंपनी म्हणते की ट्रॅकिंगसाठी कॅमेऱ्यातून येणारी चित्रं हेडसेटमध्येच प्रोसेस होतात आणि सर्व्हरवर जात नाहीत. आपण साधी माणसं हे कसं तपासणार? नवऱ्याने दोन गोष्टी केल्या. एक, वायफाय बंद करून आधीच डाउनलोड केलेला गेम चालवला. व्यवस्थित चालला, हातही दिसले, खोलीही दिसली. म्हणजे खोली ओळखायचं काम खरंच हेडसेटच्या आतच होतंय, त्याला बाहेर कुणाला विचारायला लागत नाही. दुसरं, राउटरच्या पेजवर जाऊन खेळ चालू असताना हेडसेट किती अपलोड करतो ते बघत बसला. अगदीच किरकोळ. सहा कॅमेऱ्यांचा लाइव्ह व्हिडिओ बाहेर जात असता तर तो आकडा लपला नसता, माझ्या एका व्हिडिओ मीटिंगला कितीतरी जास्त अपलोड होतं. तर कुणीतरी लांब बसून आमचा हॉल सिनेमासारखा बघतंय ही भीती आमच्यापुरती गेली.

पण हे करताना एक गोष्ट लक्षात आली जी मला अजूनही खटकते. व्हिडिओ जड असतो म्हणून तो जाताना दिसतो. खोलीचा नकाशा जड नसतो. माझ्या मानेचे आणि दोन हातांचे सेकंदाला कितीतरी वेळा घेतलेले आकडे, ते तर काहीच जड नसतात. ते त्या किरकोळ अपलोडमध्ये आरामात मावतात, आणि सगळं एन्क्रिप्टेड असल्यामुळे राउटरला आत काय आहे ते दिसत नाही. म्हणजे ज्या गोष्टीची आपल्याला जास्त भीती वाटते ती तपासता येते, आणि जी खरंच जाऊ शकते ती तपासता येत नाही.

खोलीचा नकाशा म्हणजे काय ते सांगते, कारण मला ते करून बघेपर्यंत कळलं नव्हतं. स्पेस सेटअप नावाचा प्रकार असतो. हेडसेट घालून हॉलमध्ये फिरायचं, इकडे तिकडे बघायचं, आणि तुम्ही बघाल तिथे भिंतीवर, फरशीवर, सोफ्यावर त्रिकोण त्रिकोणांची जाळी चढत जाते. दिसायला भारी दिसतं. मग तो भिंती ठरवतो, आणि फर्निचरला नावं द्यायची, हा सोफा, हे टेबल, हा पलंग, हे दार, ही खिडकी. देवघर कशात टाकायचं यावर आमच्याकडे दोन मिनिटं शांतता होती, यादीत त्यातल्या त्यात 'स्टोरेज' होतं, टाकलं. झाल्यावर मी ती जाळी फिरून फिरून बघत होते आणि मला एकदम असं वाटलं की यात फोटो एकही नाही, पण याच्यावरून आमच्याबद्दल किती कळतंय. हॉल किती बाय कितीचा आहे. हॉलमध्ये पलंग आहे, म्हणजे घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी. पलंगाशेजारी चारपायी वॉकर उभा असतो, तो पण जाळीत उमटला होता. फ्लॅटची किंमत, घरातलं वयस्कर माणूस, आजारपण, हे सगळं एखाद्याला जाळीवरून काढता येईल. कुणी काढतंय असं मी म्हणत नाही.

हा नकाशा हेडसेटमध्ये राहतो. गेमला तो हवा असेल तर 'स्पेशियल डेटा' नावाची परवानगी मागावी लागते, फोनवर लोकेशन मागतात तशीच. आम्ही सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन ती यादी उघडली तर मुलाने ज्या ज्या गेमने मागितली त्याला हो म्हटलेलं होतं, मुलं हो म्हणणारच, नाही म्हटलं की गेम उघडत नाही ना. त्यातल्या एक सोडून सगळ्यांच्या काढून घेतल्या. खोलीचे ठिपके म्हणजे पॉइंट क्लाउड कंपनीच्या सर्व्हरला पाठवायचं एक वेगळं बटण असतं, ते एकाच खोलीत दोन हेडसेटवाल्यांना एकच वस्तू एकाच जागी दिसावी यासाठी लागतं. आमच्याकडे हेडसेटच एक, ते बंद. आणि जुने नकाशे पुसायची सोय तिथेच आहे. सुट्टीत माहेरी नेला होता तेव्हाचा माझ्या वडिलांच्या ओट्याचा नकाशा अजून त्याच्यात होता, तो पुसला. ही सेटिंग्ज एका ठिकाणी नाहीत, काही हेडसेटमध्ये, काही फोनवरच्या ॲपमध्ये, आणि अपडेट आलं की जागा बदलतात, त्यामुळे मी इथे बटणाचा पत्ता लिहून देत नाही, शोधा.

एवढं सगळं करून झालं आणि मग जे झालं त्याचा कंपनीशी काहीच संबंध नव्हता. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने एक मिक्स्ड रिॲलिटीचा गेम खेळताना रेकॉर्डिंग केलं, म्हणजे आपलाच हॉल आणि त्यात भिंत फोडून येणारे प्राणी. रेकॉर्डिंग फोनवरच्या ॲपमध्ये येतं, तिथून त्याने ते बाबाच्या फोनवरून आते-मामे भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. प्राणी छान होते. त्यांच्या मागे कॉटवर आजी, गुडघ्यावर साडी वर घेऊन तेल चोळत बसलेली, चांगली पंधरावीस सेकंद. नणंदेने बघितलं आणि हसत फोन केला, तिला वाटलं गंमत आहे. आई हसल्या नाहीत. त्या नातवाला रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी घरात बसले होते रे." नंतर दिवसभर त्या बेडरूममध्येच होत्या, दार लोटून.

ग्रुपवरून डिलीट फॉर एव्हरीवन केलं, दोघातिघांनी आधीच पाहिलं होतं, असो. हेडसेटच्या पुढे एक दिवा असतो, बाहेरचे कॅमेरे वापरात आहेत हे समोरच्याला कळावं म्हणून. पण ज्या बाईला त्या दिव्याचा अर्थ कुणी सांगितलेलाच नाही तिच्यासाठी तो नुसता दिवा. तर आता त्यांना सांगितलं, आणि घरात ठरलं की रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी मोठ्याने "रेकॉर्डिंग!" असं ओरडायचं, शूटिंगवाल्यांसारखं. मुलाला ते फार आवडलं. रेकॉर्डिंग आपोआप क्लाउडवर चढवायची जी सोय असते ती बंद केली, आणि शेअर करायच्या आधी मोठ्या माणसाने एकदा पूर्ण बघायचं, मागची बाजू बघायची, प्राणी नाही.

मी तेव्हा जरा कायदाही चाळला. आपला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. त्यात मुलांबद्दल बरं लिहिलंय, अठराच्या खालच्या मुलाचा डेटा घ्यायचा तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती पाहिजे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही. पण एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी डेटा वापरला तर हा कायदा लागूच होत नाही. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर लग्नाच्या अल्बमलाही फॉर्म भरायला लागेल. पण म्हणजे आईंचं जे झालं ते या कायद्याच्या बाहेरचं. ते घरातच मिटवायचं.

मंदामावशींचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही, तो विषय त्यांनीच काढला. केर काढता काढता मुलाला म्हणाल्या, "बाबू, माझा फोटो निघतो का त्यात?" तो म्हणाला निघत नाही पण मला दिसता तुम्ही. त्या म्हणाल्या, "मग मी आहे तवर काढून ठेव." विषय संपला. तेव्हापासून सकाळी त्या असताना हेडसेट पिशवीत. भिशीच्या दिवशीही पिशवीत, तिथे तर बायका स्वतःच इतके फोटो काढतात की मला हसू येतं, पण ते फोटो त्या स्वतः काढतात, तो फरक आहे.

आता माझ्याबद्दल. मी बीट सेबर खेळते, गाण्याच्या तालावर येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे, घाम निघतो. मला वाटायचं माझं यात काय जाणारे, मी तर कॅमेऱ्यात दिसतच नाही, कॅमेरे माझ्या डोक्यावर आहेत. मग नवऱ्याने एक वाचायला दिलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याच गेमच्या ५५ हजारांहून जास्त खेळाडूंचे रेकॉर्ड केलेले रिप्ले घेतले, म्हणजे फक्त डोकं आणि दोन हात कसे हलले त्याचे आकडे, ना चेहरा ना आवाज. प्रत्येकाचा थोडा डेटा कॉम्प्युटरला शिकवायला दिला, आणि मग नवीन १०० सेकंदांवरून हा कोण ते ओळखायला सांगितलं. ९४ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखलं. त्याआधी २०२० मध्ये स्टॅनफर्डला ५११ लोकांवर असंच झालं होतं, तिथे पाच मिनिटांच्या आतल्या डेटावर ९५ टक्के, आणि ते लोक खेळतही नव्हते, नुसते ३६० अंशातले व्हिडिओ बघत होते. चालीवरून माणूस ओळखू येतो हे आपल्याला माहितीच आहे, जिन्यात पावलं वाजली की कोण आलं ते आई कॉटवरून सांगतात. पण आई ५५ हजारांतून सांगू शकणार नाहीत.

याला सेटिंग नाही, हेच त्यातलं वाईट. दुसऱ्याबरोबर ऑनलाइन खेळायचं तर माझं डोकं आणि हात कुठे आहेत हे समोरच्याच्या हेडसेटला कळायलाच पाहिजे, त्याशिवाय मी त्याला दिसणार कशी. याच बर्कलीच्या लोकांनी आधी ३० जणांना एक साधा दिसणारा गेम खेळायला दिला होता आणि त्यातून उंची, हातांची लांबी वगैरे पंचवीसहून जास्त गोष्टी काढल्या, खेळणाऱ्यांना पत्ता नाही. मी यावर काय केलं? एकटीने खेळते, लीडरबोर्डवर नाव टाकत नाही, आणि बाकी सोडून दिलं. व्यायाम तर सोडणार नाही, दोन ड्रेस परत व्हायला लागलेत.

दिराचं यावर म्हणणं की तुम्ही उगाच घाबरता, त्याच्याकडे २०२० मध्ये क्वेस्ट २ होता तेव्हा तर फेसबुकचं अकाउंटच लागायचं. ते खरंय, आणि जर्मनीत त्यावरून इतका वाद झाला की तिथली विक्रीच थांबली होती, तिथल्या कार्टेल ऑफिसने, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, चौकशी सुरू केली, आणि २०२२ मध्ये वेगळं मेटा अकाउंट आलं. म्हणजे दिराच्याच उदाहरणावरून असं दिसतं की कुणीतरी तक्रार केली म्हणून बदललं. त्याला असं म्हटलं की तो विषय बदलतो.

उलटंही होतं. आधी गेम बनवणाऱ्यांना हेडसेटच्या कॅमेऱ्यातलं चित्र मिळायचंच नाही, जाळी आणि आकडे मिळायचे, चित्र फक्त सिस्टिमकडे. २०२५ मध्ये ते खुलं केलं, आता ॲप परवानगी मागून थेट कॅमेऱ्याचं चित्र घेऊ शकतं. त्याचे उपयोग चांगले आहेत, समोरची वस्तू ओळखणं, पाटीवरचं वाचून दाखवणं. पण म्हणजे आम्ही घेतला तेव्हा मशीन जे करू शकत नव्हतं ते आता करू शकतं, आणि डबा तोच आहे, तीच पिशवी. चित्र एकदा बाहेर पडलं की कुठे जातं याचं एक उदाहरण व्हीआरचं नाही, झाडूवाल्या रोबोटचं आहे. २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने छापलं की रूम्बाच्या चाचणी मॉडेलने २०२० मध्ये घराघरात काढलेले फोटो, त्यात एक बाई टॉयलेटवर बसलेली, हे फोटोंना नावं द्यायचं काम करणाऱ्या व्हेनेझुएलातल्या कामगारांनी सोशल मीडियावर टाकले होते. दुकानात विकलेली मशीन नव्हती ती, चाचणीवाल्यांनी सही केलेली होती. पण सही करताना आपला फोटो कुठल्यातरी देशात कुणीतरी बसून 'टेबल', 'माणूस' असं लिहीत बघणारे हे कुणाच्या डोक्यात असेल?

त्यामुळे कॅमेऱ्याची परवानगी आमच्याकडे सध्या कुठल्याच ॲपला नाही. मुलाचं खातं पालकांच्या देखरेखीचं आहे, दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तसंच करावं लागतं, त्यामुळे नवीन ॲप आलं की विचारणा आमच्या फोनवर येते. अपडेट झालं की मी चहा घेऊन ती यादी परत एकदा बघते, गॅस सिलेंडरचा नॉब बघते तेवढाच वेळ लागतो. नवरा म्हणतो तू आता एक्स्पर्ट झालीस. एक्स्पर्ट कसली, आई रोज विचारतात म्हणून.

आता नवीन प्रकरण दिवाळीचं आहे. पुतण्या येतोय आणि त्याच्याकडे तो रे-बॅनचा कॅमेरावाला चष्मा आहे, इकडेही मे २०२५ पासून मिळायला लागलाय. त्याच्यात रेकॉर्डिंगला दिवा लागतो, पण तो चष्मा आहे, नंबरचा असला तर काढून पिशवीत घाल म्हणून कसं सांगणार? आईंचं म्हणणं दारात चपलांबरोबर काढायचा. नवरा म्हणतो पाहुण्याला असं सांगता येत नाही. मुलगा म्हणतो त्यालाही "रेकॉर्डिंग!" ओरडायला लावू. जाऊबाईंना आधी फोनवर सांगून ठेवावं असं मला वाटतं, या रविवारी करते.